फुगलेली टाकी

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या गल्लीत गिरधर नानांचं घर शोधायला कोणाला पत्ता विचारावा लागत नसे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापासून सडक्या केळ्यांचा आंबूस वास सुरू व्हायचा, पुढं त्यात शेणाचा वास मिसळायचा आणि जिथं नाकाला रुमाल लावल्यावाचून गत्यंतर नसे, ते घर नानांचं. या घरात मंदाबाई स्वयंपाक करायच्या, जेवायच्या, झोपायच्या. आल्यागेल्यानं नाकाला लावलेला पदर दिसला की न दिसल्यासारखं करायच्या. सवय होते म्हणतात. काही होत नाही. रोज सकाळी मागचं दार उघडलं की मंदाबाईंना नव्यानं मळमळायचं.

वास यायचा तो मागच्या अंगणातल्या टाकीचा. प्लास्टिकच्या दोन काळ्या टाक्या, एक उभी आणि तिच्यात दुसरी उपडी. खालच्या टाकीत शेण, खरकटं आणि पाणी यांचा रबडा. तो कुजला की गॅस व्हायचा, वरची टाकी हळूहळू उचलली जायची आणि नळीतून गॅस स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत यायचा. नाना त्याला ‘प्लँट’ म्हणायचे. मंदाबाई त्याला ‘ते’ म्हणायच्या. नाव घेण्याइतकी जवळीक त्यांना नको होती.

नाना पाइपच्या कारखान्यात फिटर होते. हात चांगला होता माणसाचा, कोणी नाही म्हणणार नाही. पण निवृत्त झाल्यावर रिकाम्या हाताला रिकामं डोकं भेटलं आणि त्यातून फुकटच्या ऊर्जेचं खूळ निघालं. ऊन आहे, वारा आहे, घरात कचरा आहे. मग बोर्डाची वीज आणि कंपनीचा सिलेंडर घेणारे सगळे आळशी, असं त्यांचं मत. ते मत पूर्ण खोटं असतं तर नाना केव्हाच शुद्धीवर आले असते. अर्धं खरं होतं, म्हणून तर सुटका नव्हती.

पहिली निघाली पवनचक्की. मुलगा हितेंद्र धुळ्याला असतो. त्याच्याकडून साक्रीकडच्या एका लग्नाला जाताना नानांनी पठारावरच्या पवनचक्क्यांची रांग पाहिली आणि गाडीत बसल्या बसल्याच हिशेब मांडला, की एवढ्या मोठ्या फिरतात तर आपली लहान का नाही फिरणार. पात्यांना हलकं, मुरलेलं लाकूड हवं होतं. ते घरात होतं. मंदाबाईंच्या वडिलांनी, यावलच्या अभिमन आबांनी, बांधावरचा साग पाडून लेकीला लग्नात पलंग करून दिला होता. उशाच्या फळीवर सुतारानं केळीचा घड कोरला होता, एकेक केळं मोजून घ्यावं असा. मंदाबाई त्याच आबांच्या वर्षश्राद्धाला यावलला गेल्या होत्या. परत आल्या तर पलंगाच्या जागी जमिनीवर गादी आणि गादीवर लाकडाचा भुसा.

“करकर वाजे तो,” नाना म्हणाले, “आनि त्या फळीले मी हात लायना नही. कोरेल शे, तेवर वारा अडकस.”

म्हणजे वारा अडकतो म्हणून आबांची फळी वाचली, बायकोला काय वाटेल म्हणून नाही. मंदाबाईंनी फळी पदरानं पुसली आणि जिन्याखालच्या अडगळीत आडवी लावून ठेवली. त्या दिवशी त्यांच्या मनातून नवरा जो उतरला, तो पुन्हा पायरी चढला नाही.

पवनचक्कीचं व्हायचं तेच झालं. साक्रीच्या पठारावर वारा मोकळा येतो, उंचावर येतो. पिंप्राळ्यात तो तीन मजली इमारतीला धडकून, पाण्याच्या टाक्यांना घासून, वाळत घातलेल्या लुगड्यांत अडकून नानांच्या गच्चीवर पोचतो, तेव्हा त्याच्यात कागद उडवायचीही ताकद नसते. वैशाखातल्या वावटळीत एकदा ती गरगरली, तिला जोडलेला दिवा लाल होऊन मिणमिणला आणि नाना टाळी वाजवायला हात उचलतात तोच एक पातं सुटून शेजारच्या वनाभाऊंच्या टाकीवर आदळलं. मग पाती उतरून पोत्यात बांधून जिन्याखाली गेली, आबांच्या फळीशेजारी. वीज करणारी नवी मोटार मिळाली की पुन्हा चढवायची होती.

त्यानंतर उन्हाची पेटी आली. जळगावचं ऊन आहे, भात शिजला, खोटं कशाला बोला. पण सकाळी ठेवलेला भात दुपार कलल्यावर निघायचा, तोवर भूक मरून जायची आणि आभाळ आलं की तांदूळ जसेच्या तसे.

गॅस मात्र लागला. हे कबूल केलंच पाहिजे. ज्या दिवशी पहिल्यांदा निळी ज्योत उठली आणि तिच्यावर चहा उकळला, त्या दिवशी मंदाबाईंनाही बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत या माणसानं एक तरी काम तडीस नेलं म्हणून त्यांनी मोठ्या जावेला फोनसुद्धा केला. नाना प्लँट शिकले त्या शिबिरातल्या मास्तरांनी बजावलं होतं की टाकीचं पोट लहान आहे, रोज घरचं खरकटं तेवढं घाला, जास्त नको. तेवढ्यावर दोन वेळचा चहा आणि एखादं वरण होत होतं. थंडीत नुसता चहा. नाना तिथं थांबले असते तर लोकांनी त्यांना शहाणा म्हटलं असतं.

थांबणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. चहा होतो तर स्वयंपाक का नाही, आणि स्वयंपाक होतो तर गावजेवण का नाही, असे त्यांचे प्रश्न. यावल रस्त्याला केळीच्या गाड्या भरतात तिथं फेकलेला माल पडलेला असतो. नाना तो पोत्यात भरून स्कूटरवर आणू लागले. पोतं गळायचं. स्कूटरपासून मागच्या दारापर्यंत काळ्या पाण्याची रेघ, तिच्यावर माश्या, आणि पायरीवर वळवळणाऱ्या अळ्या. तो लगदा बारीक करायला ते मंदाबाईंच्या मिक्सरचं भांडं घ्यायचे. एकदा मंदाबाईंनी चटणीसाठी झाकण उघडलं, आत बघितलं आणि मोरीकडे धावल्या. त्या दिवसापासून त्या शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटायला लागल्या. किळस, शिसारी, वीट, सगळं एकाच भांड्यात मिळत होतं.

अशात कानबाई आली.

खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, बांगड्या, लुगडं, आणि नैवेद्याला रोट. नानांच्या भाऊबंदकीत घरातल्या माणसागणिक मुठी मोजून गहू घेतात, पुरण घालून खापरावर रोट भाजतात आणि देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी पाणीसुद्धा पीत नाही. इतकी वर्षं कानबाई पारोळ्याजवळच्या गावी, मोठ्या जाऊबाई कमलबाईंकडे बसायची. मंदाबाई लग्न झाल्यापासून दर श्रावणात तिथं जायच्या, गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरायच्या, भांड्यांचा ढीग उपसायच्या. रोटाच्या कणकेला हात लावायचा मान जिच्या घरी देवी तिचा. तो आपल्याला कधी मिळेल, हे मंदाबाईंनी कोणाला विचारलं नाही, पण दर वर्षी भांडी घासताना मनात आणलं.

यंदा कमलबाईंनी स्वतः फोन केला. “मन्हा गुडघा गयात आते. यंदा कानबाई तुन्हाकडे बसाडूत. पन ध्यानमा ठेव मंदा, देवी उपाशी ऱ्हायनी तं पुन्हा पिंप्राळाले येवाव नही.”

मंदाबाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात नानांनी फोन हातातून घेतला आणि जाहीर करून टाकलं, “वहिनी, एक बी रोट सिलेंडरवर व्हवाव नही. बठ्ठा मन्हा गॅसवर!”

बोलून थांबते तर ते नाना कसले. हितेंद्र पुढल्या रविवारी आला तेव्हा घरातला सिलेंडर त्यांनी त्याच्या गाडीत चढवला. घरात राहिला तर मंदा चोरून वापरेल आणि प्लँटचं नाव खराब होईल, हे कारण. मागच्या अंगणातली मंदाबाईंची चूल तर टाकीला जागा करताना आधीच फोडली होती.

मंदाबाई एवढंच म्हणाल्या, “दोन कप चहाना गॅसवर बठ्ठी भाऊबंदकीना रोट कसा व्हतीन? आडमा नही तं पोहरामा कोठून येई?”

“जास्ती खावाडं तं जास्ती गॅस येस. सोपं गणित शे.”

“मानूसले जास्ती खावाडं तं काय व्हस, ते माहीत शे ना?”

नानांना ते ऐकूच आलं नाही. पोत्यावर पोती रिचवली गेली. टाकी खरंच वर येऊ लागली, कधी नव्हे इतकी. नाना दिवसातून दहादा मागं जाऊन तिच्यावर थाप मारून यायचे, विकायला काढलेल्या म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. पण चहाची ज्योत पिवळी पडून फडफडत होती, हे मंदाबाई रोज बघत होत्या. त्यांनी सांगितलं. “ओली हवा शे, जमी जाई,” म्हणून नानांनी शेगडीची चावीच बंद केली. गॅस रविवारसाठी साठवायचा होता. तोवर चहा आणि दोन वेळचं जेवणही वनाभाऊंकडून येऊ लागलं, त्यांच्या सिलेंडरवरचं.

आता यात झालं होतं काय, तर साधी गोष्ट. टाकीत कुजवणारे जीव दोन जातींचे. एक जात गोड खाऊन झपाट्यानं आंबट करते, दुसरी सावकाश त्या आंबटाचा जळणारा गॅस करते. केळ्यांचा मारा झाल्यावर पहिलीचं फावलं आणि दुसरी आंबटात गुदमरून मेली. टाकी फुगली ती न जळणाऱ्या हवेनं. पोट फुगलेल्या माणसाला धष्टपुष्ट समजावं, तशी नानांची गत.

रविवार उजाडला. श्रावणाची झिमझिम लागून राहिलेली. पारोळ्याहून गाडी भरून भाऊबंद आले, धुळ्याहून हितेंद्र आणि सून भूमिका आली. पुढच्या खोलीत चौरंगावर कानबाई बसली. मंदाबाईंनी नवं लुगडं नेसून, आंघोळीच्या ओल्या केसांनी, आयुष्यात पहिल्यांदा रोटाच्या कणकेत हात घातला. कणीक छान मळली गेली, पुरण मऊसूत झालं. पुरणासाठी भूमिकेनं विजेची शेगडी आणली होती, नानांनी त्याचाही राग धरला. पण रोटाचं खापर मातीचं, गोल पोटाचं. त्या सपाट काचेवर ते बसणार नव्हतं.

नाना तोवर पुरुषमंडळींना मागं टाकी दाखवत होते. टाकीला त्यांनी हळदकुंकू लावलं होतं. देवीच्या ताटातलं! मंदाबाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ज्या घाणीनं घर नासवलं तिला देवीचं कुंकू.

“लाव गॅस!” नाना आत येऊन म्हणाले. मागं सगळे दारात गोळा झाले.

मंदाबाईंनी चावी फिरवली, काडी ओढली. नळीतून फुस्स करून हवा आली आणि काडी विझली. दुसरी काडी विझली. हितेंद्रनं लायटर धरला, तोही फडफडून गेला. गॅस येत होता, भरपूर येत होता, फक्त जळत नव्हता. कुजक्या आंबट वासानं स्वयंपाकघर भरलं आणि तो वास पुढं देवीच्या खोलीत गेला. कमलबाईंनी पदर नाकाला लावला. आज मंदाबाईंना ते न दिसल्यासारखं करता आलं नाही.

“दाब कमी शे,” नाना म्हणाले आणि कोणी अडवायच्या आत मागं धावले. एक मोठा दगड त्यांनी टाकीवर चढवला, मग दुसरा. टाकी एका बाजूला कलली आणि कडेवरून तो रबडा भसकन बाहेर आला. नानांच्या धोतरावर, दारातल्या रांगोळीवर, कोणाच्यातरी चपलांवर. त्यात अर्धवट कुजलेली सालं तरंगत होती. लहान मुलं किंचाळत आत पळाली. नाना मात्र त्यातच उभे राहून म्हणत होते, “हितू, आते काडी लाव! आते देख!”

काडी विझली.

हितेंद्र गल्लीत सिलेंडर मागायला गेला. त्या दिवशी घरोघर कानबाई, घरोघर रोट, कोण आपला सिलेंडर काढून देणार? रविवार म्हणून एजन्सी बंद. दुपार सरकत होती. पोरं भुकेनं कुरकुरू लागली, त्यांना पाणीही देता येईना. कमलबाई चौरंगाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी तिथूनच विचारलं, “चूल कोठे शे वं मंदा?”

“चुलीना जागावर टाकी शे, अक्का.”

कमलबाईंनी नुसतं देवीकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मंदाबाईंना बरोबर कळला. पुढच्या वर्षी परत गंगाफळ आणि भांडी.

त्या उठल्या. मागं गेल्या आणि टाकीभोवती रचलेल्या विटा उपसू लागल्या. नाना ओरडले, “अवं, टाकी कलंडी जाई!” मंदाबाईंनी मानही वळवली नाही. विटा धुतल्या, पत्र्याच्या पडवीत मांडल्या, त्यावर खापर ठेवलं. चूल झाली. लाकूड? श्रावणात पिंप्राळ्यात कोरडं लाकूड कोणाकडे असतं? मंदाबाईंना माहीत होतं कोणाकडे असतं.

“त्या पाती आना,” त्या नानांना म्हणाल्या.

“कोन्या पाती?”

“पवनचक्कीन्या. जिनाखालेन्या. आनि कुऱ्हाड आना.”

“अवं, चांगल्या सागन्या शेतस त्या! मोटार भेटनी म्हंजे...”

“मन्हा बापना साग शे तो. फोडा.”

भाऊबंदकीदेखत बायकोनं असा आवाज चढवण्याची नानांवर पहिलीच वेळ. त्यांनी पोतं ओढून आणलं, बरबटलेल्या धोतरानंच उकिडवे बसले आणि कुऱ्हाड मारली. मुरलेला साग तडकन फुटला. चूल पेटली, धगधगून पेटली. खापर तापलं आणि मंदाबाईंनी पहिला रोट त्यावर टाकला.

“तुम्हनी पवनचक्की आज पहिलींदाव कामले उनी,” त्या म्हणाल्या. सगळे हसले. मंदाबाई हसल्या नाहीत. आईनं ज्या पलंगावर नवी गोधडी अंथरून दिली होती, त्याची आग त्यांच्या तोंडावर येत होती. लाकडाला अजून जुन्या रोगणाचा वास होता.

रोट होत गेले, ताटं भरत गेली. कणकेचे शेवटचे दोन-तीनच गोळे उरले आणि पाती संपली. आग बसू लागली. खापर निवलं तर शेवटचे रोट कच्चे राहणार, आणि नैवेद्य पुरा झाल्याशिवाय चालत नाही. भूमिकेनं जिन्याखाली हात घातला आणि आबांची फळी काढून आणली. मंदाबाईंनी ती तिच्या हातातून घेऊन मांडीवर ठेवली. घडावरून बोट फिरवलं. एवढी एकच वस्तू उरली होती आता. हात पुढं होईना.

नाना शेजारी येऊन बसले होते. चुलीकडे एकटक बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर शरम शोधावी, तर तिथं तेच तेज, पठारावर पवनचक्क्या पाहून आलेलं. “देख मंदा, कितली आग वाया जाय ऱ्हायनी,” ते म्हणाले. “चुलीना मांगे पत्रानी एक पेटी बसाडी, तेमा पानी खेळाडं, तं फुकटमा... आनि ती फळी जाळू नको, पेटीले झाकन व्हई तेनं.”

मंदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. राग येण्याइतकंही काही उरलं नव्हतं, नुसतीच शिसारी, मिक्सरच्या भांड्यात बघितल्यावर आली होती तशी. हा माणूस घर जाळलं तरी त्या धुराला पंखा बांधील. त्यांनी फळी उचलली आणि कोरीव बाजू खाली करून चुलीत सारली. क्षणभर धूर कोंडला, मग केळीच्या घडाच्या कडेनं जाळ वर आला. शेवटचा रोट असा खरपूस भाजला गेला की कमलबाई टेकत टेकत पडवीत आल्या तो बघायला.

नैवेद्य झाला. देवीला, मग पोरांना, मग मोठ्यांना. कमलबाईंनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “असा रोट मन्हा हातना बी व्हयना नही कधी. पुढला साल बी आठेच बसाडूत कानबाई.”

ज्याच्यासाठी मंदाबाईंचा जन्म गेला ते मिळालं होतं. त्यांनी कमलबाईंच्या पाया पडून ताटात आणखी एक रोट वाढला.

“बसाडा, अक्का. पन येताना लाकडं लई येज्यात,” त्या म्हणाल्या. “आते पेटाडाले ह्या घरमा काहीच उरनं नही.”